मेकॉलेचे बनावट अवतरण आणि इंग्रजीच्या अभ्यासाचा खरा इतिहास

१/
दर काही महिन्यांनी एक चित्र समाजमाध्यमांवर नव्याने फिरू लागते. एका बाजूला थॉमस बॅबिंग्टन मेकॉलेचा चेहरा, दुसऱ्या बाजूला २ फेब्रुवारी १८३५ ही तारीख आणि ‘ब्रिटिश संसदेतील भाषण’ असा मथळा. खालच्या मजकुराचा आशय असा की, आपण हिंदुस्थान पालथा घातला, कोठे भिकारी दिसला नाही, चोर दिसला नाही; या देशाचा कणा मोडायचा असेल तर त्याची जुनी शिक्षणपद्धती बदलली पाहिजे. हजारो लोक हे चित्र पुढे धाडतात, आणि भारतातील इंग्रजीच्या अभ्यासाचा इतिहास त्यांच्यापुरता तेथेच संपतो.

२/
हे अवतरण बनावट आहे. त्या दिवशी मेकॉले लंडनमध्ये नव्हता, कलकत्त्यात होता. जून १८३४ मध्ये तो मद्रासला उतरला, गव्हर्नर जनरल बेंटिंक याला भेटण्यासाठी उटकमंडला गेला आणि पुढे कलकत्त्यात रुजू झाला. देश पालथा घालण्याइतका प्रवास त्याने केलाच नव्हता. २ फेब्रुवारी १८३५ ही तारीख मात्र खरी आहे. त्या तारखेचे त्याचे शिक्षणविषयक टिपण उपलब्ध आहे, आणि त्यात वरीलपैकी एकही विधान नाही.

३/
बनावट अवतरणाने होणारे सर्वांत मोठे नुकसान हे की, खरे टिपण कोणी उघडून पाहत नाही. वास्तविक ते अधिक जळजळीत आहे. आपल्याला संस्कृत येत नाही आणि अरबीही येत नाही, अशी कबुली मेकॉले तेथे देतो. तरीही युरोपीय ग्रंथालयातील एका फळीपुढे भारत आणि अरबस्तान यांचे सारे वाङ्मय तोकडे ठरवताना त्याची लेखणी अडखळत नाही. राज्यकर्ते आणि रयत यांच्यामध्ये दुभाष्यांचा एक वर्ग घडवावा, ही इच्छाही तो उघडपणे नोंदवतो. कारस्थान कल्पनेने रचण्याची गरजच काय? धोरण तर स्वाक्षरीनिशी लिहिलेले आहे.

४/
त्या टिपणामागे पैशाचा वाद होता. १८१३ च्या सनदी कायद्याने विद्येच्या उत्तेजनार्थ वर्षाला किमान १ लाख रुपये बाजूला ठेवले होते. ते संस्कृत-अरबीवर खर्च करावेत की इंग्रजीवर, यावर कंपनीच्याच अधिकाऱ्यांत दोन तट होते. मेकॉलेचा एक मुद्दा निव्वळ व्यापारी होता: संस्कृत आणि अरबी शिकणाऱ्यांना सरकार पदरचे पैसे देते, तर इंग्रजी शिकू इच्छिणारे स्वतः पैसे मोजायला तयार आहेत. ७ मार्च १८३५ रोजी बेंटिंकने इंग्रजीच्या बाजूने ठराव केला. १८४४ साली हार्डिंजने सरकारी नोकरीत इंग्रजी शिकलेल्यांना प्राधान्य दिले, आणि भाषेला पगाराची जोड मिळाली.

५/
आता दुसरा गैरसमज. तो विद्यापीठांतही आढळतो आणि विद्वानांच्या तोंडीही ऐकू येतो. तो असा की, ‘इंग्रजी साहित्य’ हा विषय इंग्लंडात पूर्ण वाढलेला होता आणि तोच गलबतात भरून येथे आणला गेला; म्हणून भारतातील इंग्रजीचे संशोधन हे मुळातच उसने. ही समजूत तारखांपुढे टिकत नाही.

६/
ऑक्सफर्डचेच उदाहरण घ्यावे. तेथे काव्याचे अध्यासन १७०८ पासून होते; परंतु त्याची व्याख्याने लॅटिनमध्ये होत. ती इंग्रजीत देण्याची प्रथा मॅथ्यू आर्नल्डने १८५७ साली सुरू केली. मुंबई विद्यापीठाची स्थापनाही त्याच वर्षीची. अँग्लो-सॅक्सन या प्राचीन इंग्रजीचे अध्यासन १७९५ चे, संस्कृतचे बोडन अध्यासन १८३२ चे. इंग्रजी भाषा व साहित्याचे मर्टन अध्यासन मात्र १८८५ साली आले. ऑक्सफर्डमध्ये संस्कृतचा प्राध्यापक इंग्रजीच्या प्राध्यापकाहून ५३ वर्षे आधीचा आहे.

७/
संस्कृतचे ते अध्यासन ज्याच्या देणगीतून उभे राहिले, तो कर्नल जोसेफ बोडन कंपनीच्या मुंबई लष्करातला अधिकारी होता. बायबलच्या संस्कृत अनुवादास साहाय्य व्हावे आणि धर्मांतराचे कार्य सुकर व्हावे, हा त्याचा हेतू मृत्युपत्रात नमूद आहे. विद्येच्या अध्यासनांचा पाया पुष्कळदा विद्येबाहेरच्या हेतूंवर रचलेला असतो. हे इंग्रजीच्या बाबतीत खरे असेल, तर संस्कृतच्या बाबतीतही तितकेच खरे आहे.

८/
१८८५ साली मर्टन अध्यासनावर नेमलेला ए. एस. नेपियर हा शब्दव्युत्पत्ती आणि जुन्या हस्तलिखितांचा पंडित होता. साहित्याच्या चाहत्यांची त्याने निराशाच केली. ऑक्सफर्डमध्ये इंग्रजीचा स्वतंत्र पदवी अभ्यासक्रम १८९४ साली सुरू झाला. केंब्रिजमध्ये तशी स्वतंत्र परीक्षा १९१७ साली, पहिल्या महायुद्धाच्या धुमश्चक्रीत मंजूर झाली. तोवर कलकत्ता, मुंबई आणि मद्रास येथील विद्यापीठांना ६० वर्षे होत आली होती, आणि इंग्रजीच्या प्रश्नपत्रिका सोडवून येथे पिढ्यांमागून पिढ्या पदवीधर झाल्या होत्या.

९/
या कथेतला सर्वांत बोलका माणूस म्हणजे वॉल्टर रॅली. १८८५ ते १८८७ या काळात तो अलीगढच्या मोहमेडन अँग्लो-ओरिएंटल कॉलेजात इंग्रजीचा प्राध्यापक होता. पुढे १९०४ साली ऑक्सफर्डने इंग्रजी साहित्याचे खास अध्यासन निर्माण केले, तेव्हा त्यावर पहिली नेमणूक झाली ती याच रॅलीची. अलीगढच्या विद्यार्थ्यांना इंग्रजी साहित्याचा जो अध्यापक १८८५ साली लाभला, तो ऑक्सफर्डच्या वाट्याला १९ वर्षांनी आला. ‘मूळ तिकडे, नक्कल इकडे’ हे सूत्र येथे पार उलटे होते.

१०/
तथापि ‘इंग्रजी साहित्याचा अभ्यास भारतातच जन्मला’ ही घोषणाही तितकीच उतावीळ आहे. एडिंबरा येथे ह्यू ब्लेअर १७६२ पासून वक्तृत्व आणि ललित वाङ्मयाचा राजनियुक्त प्राध्यापक होता. लंडनच्या नव्या विद्यापीठात थॉमस डेल १८२८ पासून इंग्रजी शिकवीत होता. एक खोटा अभिमान काढून त्या जागी दुसरा बसवणे हे इतिहासाचे काम नव्हे.

११/
मग सत्य काय? हा विषय प्रथम काठावरच्या लोकांसाठी घडला. ज्यांना लंडनच्या वळणाची इंग्रजी कमवायची होती ते स्कॉटिश तरुण; धर्मपंथामुळे ज्यांना ऑक्सफर्डची पदवी नाकारली जाई ते अन्यपंथीय; संध्याकाळच्या वर्गांना येणारे कामगार; ग्रीक-लॅटिनपासून दूर ठेवलेल्या स्त्रिया; आणि वसाहतींतील प्रजा. घरंदाज इंग्रज मुलगा मात्र होमर आणि व्हर्जिल शिकत असे. स्वतःच्या भाषेतील कविता शिकण्यासाठी विद्यापीठात जावे लागते, ही कल्पनाच त्याच्या कुळात हास्यास्पद होती.

१२/
भारतात या विषयाला एवढे वजन का आले, याचे उत्तर धर्माच्या प्रश्नात सापडते. १८१३ नंतर मिशनऱ्यांना वाट मोकळी झाली; परंतु सरकारी शाळांत बायबल शिकवून असंतोष ओढवून घेण्याची कंपनीची तयारी नव्हती. नीतिशिक्षण तर हवे होते. तेव्हा मिल्टन, बेकन, ॲडिसन यांच्याकडून ते काम करून घेण्याचा मार्ग पुढे आला. मेकॉलेचा मेहुणा चार्ल्स ट्रेव्हेलियन याने १८३८ च्या आपल्या पुस्तकात इंग्रजी शिक्षणामुळे सत्तेविषयी आपुलकी निर्माण होईल असा हिशेब मांडला. १८५३ साली तो संसदीय समितीपुढेही साक्षीला उभा राहिला.

१३/
गौरी विश्वनाथन यांनी १८८० किंवा १९०० च्या नव्हे, तर कंपनीच्या काळातील याच कागदपत्रांच्या आधारे १९८९ साली ‘मास्क्स ऑफ कॉन्क्वेस्ट’ हा ग्रंथ लिहिला. साहित्याचा अभ्यास हा सत्तेचा मुखवटा कसा झाला, हे त्यांनी दाखवले. ग्रंथाचे नाव आज सर्वांच्या तोंडी आहे. त्यातील एक महत्त्वाची मर्यादा मात्र क्वचितच कोणी सांगतो. भारतीय विद्यार्थ्यांनी त्या अभ्यासक्रमाचे पुढे काय केले, हा प्रश्न त्यांनी जाणीवपूर्वक बाजूला ठेवला आहे. राज्यकर्त्यांचा हेतू हा त्यांचा विषय होता. ग्रंथाचा उत्तरार्ध येथील संशोधकांनी लिहायचा होता.

१४/
सत्तेचा हेतू गुणांच्या तक्त्यातही वाचता येतो. सनदी सेवेची स्पर्धापरीक्षा १८५५ साली सुरू झाली. तिचा आराखडा मेकॉलेच्याच अध्यक्षतेखालील समितीने बनवला होता. एकूण गुण ६,८७५. त्यांपैकी इंग्रजी निबंध, इतिहास आणि साहित्य मिळून १,५००. ग्रीकला ७५०, लॅटिनला ७५०. संस्कृतला ३७५ आणि अरबीला ३७५. राज्य करायचे हिंदुस्थानावर, आणि संस्कृतचे मोल लॅटिनच्या बरोबर निम्मे. बनावट भाषणाहून हा तक्ता अधिक काही सांगून जातो. पण त्याचे चित्र कोणी पुढे धाडत नाही.

१५/
आता भारतीयांनी काय मागितले होते ते पाहावे. ११ डिसेंबर १८२३ रोजी राजा राममोहन रॉय यांनी लॉर्ड ॲमहर्स्टला पत्र लिहून नव्या संस्कृत महाविद्यालयास विरोध केला. त्यांनी मागणी केली ती गणित, पदार्थविज्ञान, रसायन आणि शरीररचना यांच्या शिक्षणाची. शेक्सपिअर त्यांच्या यादीत नव्हता. ‘राममोहन इंग्रजीवादी, मेकॉलेही इंग्रजीवादी’ असे दोघांना एकाच ओळीत उभे करणारे हे पत्र बहुधा वाचतच नाहीत.

१६/
मुंबई इलाख्यात तर वादाची मांडणीच वेगळी होती. १८४० च्या दशकात बोर्ड ऑफ एज्युकेशनचा अध्यक्ष सर अर्स्किन पेरी इंग्रजीचा कैवारी होता. त्याच्या विरोधात मातृभाषेची बाजू लढवली ती जगन्नाथ शंकरशेट यांनी आणि कर्नल जॉर्ज जर्व्हिस या इंग्रज अधिकाऱ्याने. जर्व्हिसने गणिताची पाठ्यपुस्तके मराठीत आणली होती. ‘इंग्रज विरुद्ध देशी’ अशी सरळ फाळणी या वादाला लागूच पडत नाही. मुंबईतला हा झगडा मराठी वाचकाला कलकत्त्याच्या टिपणाहून जवळचा असायला हवा. प्रत्यक्षात तो जवळजवळ विस्मृतीत गेला आहे.

१७/
१८५७ साली मुंबई विद्यापीठ आले. १८६० च्या दशकात वरच्या परीक्षांतून मराठीसारख्या देशी भाषा वगळल्या गेल्या आणि त्यांची जागा अभिजात भाषांनी घेतली. त्याच विद्यापीठाच्या पहिल्या पदवीधरांपैकी एक असलेल्या न्यायमूर्ती रानडे यांना मराठीचा पुनःप्रवेश व्हावा म्हणून आयुष्याच्या उत्तरार्धात झटावे लागले. मुंबईच्या विद्यापीठात इंग्रजी कवितेवर प्रश्न पडत होते, तेव्हा तुकोबा उंबऱ्याबाहेर उभे होते.

१८/
या साऱ्या व्यवस्थेचा खर्च कोणाच्या माथी होता? हा प्रश्न महात्मा फुले यांनी विचारला. १८८२ साली हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात त्यांनी बजावले की, सरकारचा महसूल रयतेच्या घामातून येतो आणि त्याचा लाभ उच्चवर्णीयांच्या उच्च शिक्षणास होतो. प्राथमिक शाळा उपाशी राहतात. इंग्रजी साहित्याच्या अध्यापनाचा इतिहास लिहिताना हे निवेदन तळटीपेत टाकून चालणार नाही. काव्याच्या वर्गाची किंमत गावच्या शाळेने चुकवली, असा त्याचा अर्थ आहे.

१९/
आणि तरीही विद्यार्थी केवळ साच्यातून निघाले नाहीत. हिंदू कॉलेजात १८२६ पासून शिकवणाऱ्या हेन्री डेरोझिओने साहित्याच्या तासाला प्रश्न विचारायला शिकवले; परिणामी १८३१ साली त्याला कॉलेज सोडावे लागले. त्याच वर्षी, २२ व्या वर्षी तो वारला. त्याला दूर करणारे व्यवस्थापक मुख्यतः प्रतिष्ठित हिंदू गृहस्थ होते. सत्तेने दिलेले पुस्तक विद्यार्थ्याने कसे वाचावे, हे ठरवणे सत्तेच्या हाती राहिले नाही. आणि घरच्या वडीलधाऱ्यांच्याही हाती राहिले नाही.

२०/
महाराष्ट्रातील पुरावा अधिक भरीव आहे. महादेवशास्त्री कोल्हटकरांनी १८६७ साली ‘ऑथेल्लो’ मराठीत आणले. गोपाळ गणेश आगरकरांनी डोंगरीच्या तुरुंगवासात ‘हॅम्लेट’वर काम केले आणि १८८३ साली ‘विकारविलसित’ प्रसिद्ध झाले. १८९० साली देवलांनी ‘झुंझारराव’ रंगभूमीवर उभा केला. परीक्षेपुरता नेमलेला ग्रंथ तुरुंगात सोबतीला येतो आणि नाटकगृहात मराठी बोलू लागतो, तेव्हा ‘मानसिक गुलामगिरी’ हा एकच शब्द त्या व्यवहाराला पुरा पडत नाही.

२१/
शिवाय अभ्यासक्रम वेगळा आणि वाचकांची आवड वेगळी. इंग्लंडच्या विद्वानांनी हिशेबातही न धरलेला जी. डब्ल्यू. एम. रेनॉल्ड्स भारतीय वाचनालयांत अफाट लोकप्रिय होता, हे प्रिया जोशी यांनी २००२ च्या आपल्या ग्रंथात दाखवून दिले. हरि नारायण आपटे यांच्या ‘मधली स्थिती’ या पहिल्या कादंबरीवरही रेनॉल्ड्सचीच छाया आहे. मराठी कादंबरीच्या घडणीत शिफारस केलेल्या थोर ग्रंथांइतकाच हा नावडता लेखकही उभा आहे. प्राध्यापकाने मिल्टन नेमला. मुलांनी लपूनछपून रेनॉल्ड्स वाचला.

२२/
डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांना अस्पृश्यतेमुळे शाळेत संस्कृत घेता आले नाही. फार्सी घ्यावी लागली. जी विद्या ‘आपली’ म्हणून मिरवली जाते, तिचे दार त्यांना बंद होते, आणि जी परकी म्हणून हिणवली जाते, त्या इंग्रजीत त्यांनी आपले संशोधन जगापुढे मांडले. मेकॉलेपूर्वीच्या सुवर्णयुगाचे बनावट अवतरण फिरवणाऱ्यांनी त्या सुवर्णयुगाच्या शाळेत कोण बसू शकत होते, हा प्रश्न एकदा तरी स्वतःला विचारावा.

२३/
येथे एक आक्षेप हमखास येतो: अवतरण खोटे ठरवणे म्हणजे मेकॉलेची वकिली. हा आक्षेप पोकळ आहे. खोट्या पुराव्यावर उभा केलेला खटला आरोपीच्याच पथ्यावर पडतो. ज्याला वसाहतवादाची खरी चिकित्सा करायची आहे, त्याच्या हाती १८३५ चे टिपण, १८४४ चा ठराव, १८५५ चा गुणतक्ता आणि फुल्यांचे निवेदन एवढा ऐवज असताना बनावट नाणे वाजवण्याचे कारण काय?

२४/
दुसरा दोष इंग्रजी विभागांचा. लंडन-न्यूयॉर्कमध्ये चलनात असलेला सिद्धान्त घ्यायचा, तेथल्याच एखाद्या कादंबरीला तो लावायचा, आणि त्याला संशोधन म्हणायचे, ही वहिवाट पडली आहे. ज्या विषयाचा निम्मा इतिहास मुंबई, पुणे, कलकत्ता आणि अलीगढ येथे घडला, त्याचे अभ्यासक स्वतःच्या घरात पाहुण्यासारखे बसतात. मराठी विभागांनीही हा प्रांत परका मानून सोडून दिला. दोन विभागांमधल्या भिंतीपाशी पुरावा पडून आहे.

२५/
काम डोळ्यांसमोर आहे. मुंबई विद्यापीठाच्या जुन्या वार्षिक पुस्तिका आणि त्यांतील नेमलेल्या ग्रंथांच्या याद्या, शतकापूर्वीच्या प्रश्नपत्रिका, नगरवाचनालयांच्या ग्रंथसूची, विद्यार्थ्यांनी समासात मराठीत लिहिलेल्या टिपा, ‘दर्पण’सारख्या द्विभाषिक पत्रांचे शेजारी-शेजारी छापलेले रकाने, शेक्सपिअरच्या मराठी रूपांतरांच्या प्रस्तावना. हे वाचायला इंग्रजी लागते, मराठी लागते आणि बऱ्याचदा मोडीही लागते. ऑक्सफर्डच्या संशोधकाला जे सहज जमणार नाही, ते येथल्या विद्यार्थ्याला जमण्यासारखे आहे. कागद मात्र वाट पाहत थांबत नाही. वाळवी आणि पावसाळा आपले काम करीत राहतात.

२६/
तेव्हा ते चित्र पुन्हा समोर आले, तर पुढे धाडण्याआधी १८३५ चे मूळ टिपण वाचावे. ते लांबलचक नाही, आणि ते सहज मिळते. त्यानंतर फुल्यांचे १८८२ चे निवेदन वाचावे. राग आलाच तर तो खऱ्या वाक्यांचा यावा. आणि तो राग जवळच्या जुन्या वाचनालयाच्या कपाटापर्यंत घेऊन गेला, तर इंग्रजीच्या भारतीय अभ्यासाचा न लिहिलेला उत्तरार्ध कोणीतरी लिहायला घेईल.